आर फॉर रॉबर्ट : लॉख नेसमधल्या वेलिंग्टनच्या प्रकल्प नोंदी

८ जून
कामाची व्याप्ती ठरली. विषय : व्हिकर्स वेलिंग्टन मार्क १ए, क्रमांक एन २९८०, हाक ‘आर फॉर रॉबर्ट’. ३१ डिसेंबर १९४० ला स्कॉटलंडमधल्या लॉसीमथ तळावरून सरावासाठी निघालेलं हे ब्रिटिश बॉम्बर लॉख नेस या सरोवरात उतरवावं लागलं. विमानात आठ जण होते. सात वाचले. शेपटाकडचा गनर सार्जंट फेन्सम याचं पॅराशूट उघडलं नाही आणि तो गेला.

प्रदर्शनात मांडायच्या वस्तू : जिओडेटिक, म्हणजे तिरक्या पट्ट्यांच्या जाळीच्या, सांगाड्याचा एक हाताळता येईल असा नळकांडी तुकडा, १:७२ मापाचं पूर्ण विमान, उड्डाणाच्या उंचीचा फलक आणि कर्मचाऱ्यांचा फलक. लॉख नेस म्हटलं की लोक तिथल्या दंतकथेतला राक्षस विचारणारच. त्याला एका ओळीपेक्षा जास्त जागा द्यायची नाही, आणि ती ओळही सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राच्या, परिच्छेदातच.

११ जून
विमानाची माहिती एका कागदावर आणली, सगळ्या फलकांसाठी हाच कागद धरायचा.

बांधणी इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्स, वेब्रिज इथली. पहिलं उड्डाण १६ नोव्हेंबर १९३९. पंखांचा पसारा ८६ फूट २ इंच, म्हणजे २६.२६ मीटर. दोन ब्रिस्टल पीगॅसस १८ इंजिनं, प्रत्येकी साधारण १,००० अश्वशक्तीची. नाकाला आणि शेपटाला नॅश अँड थॉम्पसनचे टरेट, म्हणजे मशीनगनचे फिरते घुमट.

आधी १४९ स्क्वाड्रन. महिनाभरात, १८ डिसेंबर १९३९ ला, जर्मनीच्या किनाऱ्यालगतच्या हेलिगोलँडच्या आखातावर दिवसाढवळ्या झालेल्या मोहिमेत हे विमान होतं, स्क्वाड्रन लीडर पॉल हॅरिस यांच्या हाती. २४ वेलिंग्टन निघाली, दोन वाटेतून परतली, उरलेल्या २२ पैकी १२ गेली. एन २९८० परत आलं. नंतर ३७ स्क्वाड्रन, आणि १९४० च्या शरदात लॉसीमथचं २० ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट.

ही शेवटची बदली फलकावर ठळक हवी. सरावाच्या तळांवर नवीकोरी विमानं जात नसत, आघाडीवर वापरून झालेली जात. इंजिनांचे तास भरत आलेले, उडवणारे बदलते, हवा स्कॉटलंडची. बॉम्बर कमांडची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विभागाची, ५५,५७३ माणसं युद्धात गेली, त्यातली आठ हजारांहून जास्त शत्रूच्या गोळीने नव्हे, अपघातांत. फेन्सम या दुसऱ्या आकड्यातला.

१५ जून
नळकांडी तुकड्याची आखणी.

व्हिकर्सचे इंजिनिअर बार्न्स वॉलिस यांच्या जिओडेटिक पद्धतीत ड्युराल्युमिनच्या (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) पट्ट्या दोन दिशांनी तिरक्या गुंडाळत जातात आणि एकमेकींना छेदतात. पिळाचा जोर आला की एका दिशेच्या पट्ट्या ताणल्या जातात, दुसऱ्या दिशेच्या दाबल्या जातात. दाबलेली पट्टी बाहेर फुगायला बघते, तिला ताणलेली पट्टी प्रत्येक सांध्यावर आत ओढून धरते. आतली जागा मोकळी राहते, आडव्या भिंती लागत नाहीत. वेलिंग्टनच्या फ्यूजलाजचा, म्हणजे विमानाच्या धडाचा, खरा छेद उभट लंबगोल आहे आणि शेपटाकडे निमुळता होतो. आमचा तुकडा गोल आणि सरळ. तत्त्व दाखवायला तेवढं पुरे, पण खाली तसं लिहायचं.

मापं : व्यास २०० मिमी, लांबी ३१४ मिमी, पट्ट्यांचा कल ४५ अंश. ही लांबी मुद्दाम निवडली. ४५ अंशाची पट्टी ३१४ मिमी पुढे जाताना बरोबर अर्धा वेढा घेते. दोन्ही दिशांना १२-१२ पट्ट्या. दोन्ही दिशांच्या पट्ट्यांची सुरुवात टोकाच्या कड्यावरच्या त्याच १२ खुणांपासून, त्यामुळे मधे १३२ सांधे येतात आणि दोन्ही कड्यांवर १२-१२. चौकटीची बाजू ३७ मिमी, कर्ण ५२.४ मिमी.

पट्टीला दोन गोष्टी सोसाव्या लागतात. वाक : २०० मिमी त्रिज्येचा, नळकांड्याच्या त्रिज्येच्या दुप्पट, म्हणजे फारसा नाही. पीळ : संपूर्ण लांबीत सुमारे १२७ अंश. खरी अडचण पिळाची आहे. पट्टी वाकवून ठेवली आणि पीळ दिला नाही तर ती सांध्यावर कडेवर उभी राहते, सपाट बसत नाही.

साहित्य बांबूच्या कामट्या. ०.८ मिमीचा बर्च प्लायही चालला असता, पण प्लायच्या अरुंद पट्टीला पिळात थर सुटण्याची खोड आहे. बांबूचा धागा सलग असतो.

२२ जून
बुरूड आळीतून कामट्या आणल्या. आकाशकंदिलांच्या कामट्या या दिवसांत तयार मिळत नाहीत, काढून घ्याव्या लागल्या. माप सांगितलं ५ मिमी रुंद, १.२ मिमी जाड, ५०० मिमी लांब. हाती आलेल्या १ ते १.६ मिमीच्या आहेत, हे गृहीतच होतं. व्हर्नियरने मोजून तीन ढीग केले. जाड्या कानशीने आणि पॉलिशपेपरने उतरवायच्या, आणि फक्त आतल्या बाजूने. बाहेरची हिरवी पाठ तासायची नाही, ताकद तिथेच आहे.

पेर असलेली कामटी चालते, पण पेर सांध्यावर यायला नको. पेरापाशी धागा वळतो, तिथे दोरा आवळला की चीर जाते. २४ लागतात, ३० तयार केल्या. कापायची लांबी ४७० मिमी. आतल्या फळीच्या (एका दिशेच्या १२ पट्ट्यांचा थर म्हणजे एक फळी) पट्टीची खरी लांबी ४४५ च्या आसपास आणि बाहेरच्या फळीची ४४८, कारण बाहेरची पट्टी एका कामटीच्या जाडीवरून जाते. हा ३ मिमीचा फरक सोडला तर बाहेरची फळी शेवटच्या कड्यावर खुणेच्या मागे पडते.

भिजवणं : रात्रभर साध्या पाण्यात, मग स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीपासून चार बोटं वर धरून पीळ देत वाकवायची. वाफ येते तोवर ठीक, तपकिरी डाग दिसला की थांबायचं. पीळ हवा त्यापेक्षा पाव भाग जास्त द्यायचा, थंड झाल्यावर कामटी तेवढी उलटते. डाव्या पिळाच्या १२ आणि उजव्या पिळाच्या १२ वेगळ्या बांधून ठेवल्या, टोकांना निळी आणि लाल खूण. हे मिसळलं की कोणती कुठली ते डोळ्याने पटकन ओळखू येत नाही.

२९ जून
साचा : २०० मिमी बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप, ४०० मिमी तुकडा. साचा शेवटी आतून निघाला पाहिजे, म्हणून लांबीत एक चीर पाडून त्यात लाकडी पाचर ठोकली आणि व्यास परत २०० वर आणला. काम झाल्यावर पाचर काढली की पाइप आक्रसतो. वर पातळ प्लॅस्टिकचा एक वेढा, नाहीतर गोंद पाइपलाच धरतो.

आखणीचा कागद ६२८ × ३१४ मिमी. १२ भाग पट्टीने ५२.४ असे मोजत गेलं की शेवटी अर्धा मिमी वाढतो आणि शिवणीवर रेषा जुळत नाहीत. कागद घडी घालून विभागला : तीन घड्या, मग निम्म्या, परत निम्म्या. तिरक्या रेषा घड्यांच्या टोकांवरून. कागद गुंडाळून चिकटपट्टी लावली, रेषा शिवणीवरून सलग जाताहेत.

दोन्ही टोकांची कडी ४ मिमी प्लायची, प्रत्येकी १२ खाचा, खाच ५.५ मिमी रुंद. कडी पाइपावर सरकतील इतकी सैल पण डगमगणार नाहीत अशी.

१३ जुलै
सांधे बांधून झाले. आधी आतली फळी कड्यांत अरल्डाइटने बसवली आणि पूर्ण वाळू दिली. मग बाहेरची. प्रत्येक सांध्यावर फुलीचा बांध : सुती दोरा दोन वेढे एका कर्णावर, दोन दुसऱ्या कर्णावर, गाठ आतल्या बाजूला.

गोंदाबद्दल. सुपर ग्लू दोऱ्यात झटकन मुरतो आणि काम वेगाने होतं, पण वाळल्यावर ठिसूळ होतो. हा तुकडा लोक हाताने पिळणार आहेत, त्यात असे सांधे करकरत सुटतात. नमुन्याच्या तुकड्यावर ते दिसलं, म्हणून दोऱ्यावर फेविकॉल पाणी घालून पातळ करून ब्रशने. वाळायला या हवेत एक पूर्ण दिवस. सांध्याला किंचित हालचाल राहते आणि ती इथे हवीच आहे.

खऱ्या विमानात सांध्यांवर ड्युराल्युमिनच्या जोडपट्ट्या आणि रिव्हेट. कापड धरायला पट्ट्यांवर बाहेरून लाकडी बॅटन स्क्रूने बसवलेल्या. ते या तुकड्यात दाखवत नाही. शेजारी एका सांध्याचं मोठं चित्र ठेवायचं.

बाहेरच्या फळीतली एक कामटी मुद्दाम सुटी ठेवली आहे. तिच्या ११ सांध्यांवर दोऱ्याऐवजी ३ मिमीचे स्क्रू आणि विंग नट, भोक २.५ मिमीच्या ड्रिलने आधी पाडून मग रुंद केलेलं. कामटीत सरळ ३ मिमीचं भोक पाडलं की ती उभी फाटते.

२० जुलै
पाचर काढली, साचा निघाला. वजन हातात धरलं की विश्वास बसत नाही असं.

पिळाची तपासणी. एक कडं जाड लाकडी पाटाला पक्कं, दुसऱ्याला ३०० मिमीचा लाकडी दांडा, टोकाला १ किलो वजन, म्हणजे सुमारे २.९ न्यूटन-मीटर.

सगळ्या कामट्या जागेवर : दोन्ही दिशांना सारखाच कडक. सुटी कामटी काढली : दांडा जरा जास्त खाली येतो, पण तुकडा गोलच राहतो, भार शेजारच्यांवर वाटला जातो. तुलनेसाठी एकाच दिशेच्या फळीचा वेगळा तुकडा केला होता. तो एका बाजूला पिळला की आवळत जाऊन मधे कंबर पडते, दुसऱ्या बाजूला पिळला की फुगून कामट्या बाहेर येतात. कुठल्याही बाजूला उपयोगाचा नाही. हा तुकडाही मांडायचाच. दोन तुकडे शेजारी पिळून पाहिले की आकृती समजावून सांगावी लागत नाही.

मोठी भोकं पडून परत आलेल्या वेलिंग्टनचं गुपित हेच. त्याची मर्यादाही फलकावर हवी : सांगाडा टिकला म्हणजे विमान टिकलं असं नाही. वर डोप, म्हणजे कापड आवळून ताठ करणारं लॅकर, लावलेलं कापड, ते भराभर पेटतं. हेलिगोलँडवर विमानं गेली त्यात आगी होत्या, कारण तेव्हाच्या टाक्यांना आपोआप भोक बुजवणारं आवरण नव्हतं. सांगाड्याच्या ताकदीचा तिथे उपयोग नव्हता.

दांड्याला दोन्ही बाजूंना १० अंशांवर अडसर बसवला. मुलं पूर्ण जोर लावणार.

३ ऑगस्ट
उड्डाणाचा फलक. या प्रकल्पात सर्वांत जास्त वाद याच्यावर झाला, कारण ‘एक इंजिन बंद पडलं, दुसरं होतं ना?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि त्याला एका वाक्यात उत्तर नाही.

घटना अशी : नेव्हिगेशनचा सराव, उंची सुमारे ८,००० फूट, मोनालिया डोंगरांवर हिमवृष्टी. उजवं इंजिन गेलं. कप्तान स्क्वाड्रन लीडर मारवूड-एल्टन, जोडीला पायलट ऑफिसर स्लॅटर. कप्तानाने बाकीच्यांना उडी मारायला सांगितलं.

आता दुसऱ्या इंजिनाचं. समजा समतल उडायला दोन्ही इंजिनांच्या एकूण ताकदीपैकी ६० टक्के लागते. (आकडा समजावण्यापुरता.) दोन्ही चालू असताना ४० टक्के हाताशी, त्यावर विमान चढतं. एक गेलं की ५० टक्के उरले, म्हणजे १० टक्क्यांची तूट. ताकद निम्मी गेली, पण शिल्लक निम्मी होत नाही, संपून उणे होते.

आणि यात अजून ओढ, म्हणजे विमानाला मागे खेचणारा हवेचा अडथळा, धरलेली नाही. पीगॅसस लावलेल्या या वेलिंग्टनच्या प्रॉपेलरची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवून थांबवायची सोय, म्हणजे फेदरिंग, नव्हती. बंद इंजिनाचा प्रॉपेलर वाऱ्याने फिरत राहतो, बंद इंजिनालाच फिरवतो, आणि त्या फिरवण्याची किंमत विमानाच्या वेगातून जाते. वंगण गेलेलं असेल तर गिअर तापून तुटतो आणि प्रॉपेलर सुटून जाऊ शकतो, हा धोका वेगळा. शिवाय उजवं बंद असल्याने नाक उजवीकडे वळतं. ते रोखायला डावं रडर (शेपटाचं सुकाणू) पायाने दाबून ठेवायचं, थोडं डावीकडे कलायचं, आणि वळलेल्या रडरने ओढ आणखी वाढते. वेग वाढवायला नाक खाली केलं तर उंची जाते, उंची धरायला नाक वर केलं तर वेग जातो. हळू झालं की रडरची पकड सुटते. म्हणून अशा वेळी उंची सोडायची, वेग नाही.

मग उंची पुरते किती? मोनालियातला सर्वांत उंच माथा ९४५ मीटर, ३,१०० फूट. ८,००० मधून तो वजा केला की हाताशी ४,९०० फूट. मिनिटाला ५०० फूट उतरत असेल तर दहा मिनिटं, तीही खाली काही दिसत नसताना. उडी मारायला सांगणं हे घाईचं नव्हे, हिशेबाचं होतं. सहा माणसं उतरल्याने वजन पाच-सहाशे किलोंनी कमी होतं हे खरं, पण पूर्ण भरलेलं वेलिंग्टन १२ टनांच्या वर जातं. वजनासाठी कोणी उडी मारायला सांगत नाही.

फलकाचं प्रमाण १:१०,०००. ८,००० फूट = २४.४ सेंमी, माथा = ९.५ सेंमी, लॉखचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून जेमतेम १६ मीटर, म्हणजे दीड मिमी. विमान जिथे सापडलं ती खोली ७ मिमी. आडवं प्रमाण ठेवलेलं नाही, कारण विमान नेमकं कुठून कसं वळलं याची रेघ काढायची नाही. फक्त उंचीची पट्टी.

१० ऑगस्ट
फलकाचा उरलेला भाग. ढगांत मोकळी जागा सापडली, खाली लांबट पाणी दिसलं. लॉख नेस सुमारे ३७ किमी लांब आणि फार तर पावणेतीन किमी रुंद, ग्रेट ग्लेन या दरीच्या भेगेत जवळजवळ सरळ रेषेत पडलेला. इंजिन गेलेल्या पायलटला त्या डोंगरांत याहून लांब सपाट जागा नव्हतीच. दोघांनी विमान पाण्यावर उतरवलं, बाहेर पडून रबरी होडीत बसले आणि किनाऱ्याला लागले. विमान बुडालं.

पाण्यावर उतरवण्यात काय बिघडतं तेही थोडक्यात : चाकं आतच ठेवायची, नाहीतर ती पाण्यात अडकून विमान नाकावर उलटतं. वेग कमीत कमी, शेपूट आधी टेकेल असं. ३१ डिसेंबरला त्या अक्षांशावर सूर्य पावणेचारच्या आत मावळतो. उजेड असतानाच हे उरकलं हे नशीब.

१७ ऑगस्ट
कापड. नळकांड्याचा अर्धा भाग झाकायचा, अर्धा उघडा. खऱ्यावर आयरिश लिनन होतं, आम्ही बारीक मलमल घेतली. मुळात खळ असते, ती धुऊन काढल्याशिवाय डोप धाग्यात जात नाही. धाग्यांची दिशा नळकांड्याच्या अक्षाला समांतर. कामट्यांच्या दिशेने, म्हणजे ४५ अंशात लावलं तर कापड तिरकं ताणलं जाऊन प्रत्येक चौकटीत वेगळी सुरकुती पडते.

डोपसाठी फर्निचर पॉलिशवाल्यांचं स्वच्छ एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, निम्म्याला निम्मं थिनर, आणि शंभर मिलिलीटरला चमचाभराहून कमी एरंडेल. एरंडेल नसेल तर थर कालांतराने तडकतो. जास्त झालं तर चिकट राहतो आणि धूळ धरतो.

पावसाळ्यात हे काम काढणं म्हणजे पांढरी येणं आलंच. थिनर उडताना कापड थंड होतं, हवेतली वाफ ओल्या थरावर बसते आणि लॅकर दुधाळ होतं. पाऊस पडत असताना लावलेला पट्टा पूर्ण पांढरा झाला. उपाय दोन : थिनरचा चौथा हिस्सा रिटार्डर घ्यायचा म्हणजे उडणं मंदावतं, किंवा उघाडीच्या दुपारी थांबायचं. पांढरा झालेला भाग खरवडायची गरज नाही, कोरड्या दिवशी त्यावर नुसतं थिनर-रिटार्डर हलक्या ब्रशने फिरवलं की थर विरघळून परत स्वच्छ होतो.

थर तीनच. चौथ्याला कापड इतकं आवळतं की चौकटी आत ओढल्या जातात आणि उघड्या-झाकलेल्या भागांच्या सीमेवर कामट्या दिसण्याइतक्या वाकतात. खऱ्या विमानातही कापडाची ही आवळण्याची ताकद जमेस धरूनच थर ठरत.

लॅकर आणि स्पिरिटचा दिवा एका खोलीत नको. वाफ जड असते, जमिनीलगत पसरते. चिंध्या पाण्याच्या बादलीत.

७ सप्टेंबर
१:७२ चं विमान. किट एअरफिक्सचं. पंखांचा पसारा ३६५ मिमी भरतो. प्लॅस्टिकवर जिओडेटिकचे उंचवटे जरा जास्तच कोरलेत, कापडाखालून सांगाडा एवढा दिसत नाही. ८०० नंबरच्या ओल्या पॉलिशपेपरने एक हलका हात, मग प्रायमर.

रंग त्या काळच्या नेमाप्रमाणे : वर डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खाली काळा. क्रमांकाची अक्षरं ८ इंच उंच, १:७२ ला २.८ मिमी. ‘एन २९८०’ तयार मिळाला नाही, सुट्या अक्षरांच्या डेकलमधून (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ छाप्यांमधून) जुळवला. पातळ फिल्म एकेक अक्षरापाशी कापली नाही तर काळ्यावर चंदेरी कडा दिसते, म्हणून आधी ग्लॉस, मग डेकल, मग मॅट.

मांडणी : मॉडेल एका चौथऱ्यावर, खाली ओळंबा. विमान सापडलं ती खोली २३० फूट, ७० मीटर. त्याच १:७२ प्रमाणात ही दोरी ९७ सेंमी येते. ओळंब्याचं टोक जमिनीपासून दोन बोटं वर. दोरीवर १० मीटरच्या खुणा, प्रत्येकी १३.९ सेंमी.

७० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या आठपट. साध्या हवेवर त्या खोलीत माणसाला काम करता येत नाही, नायट्रोजनची गुंगी येते आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबायला तासन्‌तास जातात. पाणी वर्षभर ५-६ अंश, आणि पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, मातीने इतकं तपकिरी की थोड्या खोलीवरच काळोख. दोरीशेजारी हे लिहिलं.

२१ सप्टेंबर
वर काढण्याची टिपणं. मुद्दाम याच तारखेला पूर्ण केली, १९८५ मध्ये विमान पाण्याबाहेर आलं ती २१ सप्टेंबर.

१९७६ मध्ये राक्षस शोधायला आलेल्या अमेरिकन मोहिमेत मार्टिन क्लाइन यांच्या साइड-स्कॅन सोनारवर विमानाचा आकार उमटला. (राक्षसाची ओळ ती हीच.) हेरियट-वॉट विद्यापीठाच्या लोकांनी पुढच्या काही वर्षांत ते वेलिंग्टन असल्याचं पाण्याखालच्या कॅमेऱ्यांनी पक्कं केलं. उचलण्याच्या कामामागे त्याच विद्यापीठाचे रॉबिन होम्स.

इंजिनिअरिंगच्या दृष्टीने गंमत इथे आहे. जिओडेटिक सांगाडा पसरलेला भार उत्तम घेतो, एका बिंदूवरचा नाही. दोरखंड एका ठिकाणी आवळला तर पट्ट्या तिथेच चेपतात. पाण्यातून बाहेर येताना आणखी एक भर पडते : पाण्याखाली उत्प्लावक बल मदतीला असतं, पृष्ठभाग फुटला की ते जातं, आणि आत साठलेलं पाणी व गाळ यांचं सगळं वजन एकदम चौकटीवर येतं. म्हणून भार पसरवणारी उचलण्याची चौकट आणि पट्टे, आणि पाणी निथळेपर्यंत सावकाश. पहिल्या प्रयत्नात उचलण्याची चौकटच वाकली. दुरुस्त करून पुन्हा बसवली तेव्हा विमान आलं.

शेपटाचे दिवे बॅटरीला जोडल्यावर लागले. लोकांना चमत्कार वाटतो. गोडं पाणी, थंडी, अंधार. खाऱ्या पाण्यात ड्युराल्युमिन आणि पोलाद एकत्र असले की एकाची झीज दुसऱ्यामुळे झपाट्याने होते, गोड्या पाण्यात तो प्रवाह फार क्षीण. हवेत आल्यावर मात्र उलट होतं, ओला धातू झपाट्याने गंजायला लागतो. म्हणून अशा वस्तूत वर काढण्यापेक्षा धुणं, वाळवणं आणि पट्टी-पट्टी साफ करणं हे अनेक वर्षांचं काम असतं. ते ब्रुकलंड्सच्या संग्रहालयात झालं, म्हणजे विमान जिथे बनलं तिथेच. बहुतेक भाग कापडाविना ठेवलाय, सांगाडा दिसावा म्हणून. ११,४०० हून जास्त वेलिंग्टन बनली, त्यातली पूर्ण अशी दोनच उरली आहेत. दुसरं आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) संग्रहालयाकडचं एमएफ ६२८.

१२ ऑक्टोबर
कर्मचाऱ्यांचा फलक. आधीच्या मसुद्यात विमानाला दोन तृतीयांश जागा होती, माणसांना उरलेली. उलट केलं.

आठ आकृत्या एका रांगेत. दोन बसलेल्या, सहा उडी मारलेल्या, त्यातली एक गडद. गडद आकृतीखाली हुद्दा, आडनाव, काम, तारीख आणि ‘पॅराशूट उघडलं नाही’ एवढंच. ‘वीरमरण’ हा शब्द एकाने सुचवला होता, तो घेतला नाही. सरावात गेलेल्या माणसाबद्दल सरळ लिहिलेलं बरं.

त्याऐवजी शेपटाकडच्या गनरला बाहेर पडताना काय काय करावं लागे याची क्रमवार माहिती दिली. टरेट अरुंद असतो, पॅराशूटचा पॅक अंगावर घालून त्यात बसता येत नाही. अंगावर फक्त पट्ट्यांचं जाळं, पॅक बाहेर फ्यूजलाजमध्ये अडकवलेला. हुकूम कानावर आला की टरेट सरळ करायचा, तरच पाठीमागची दारं फ्यूजलाजच्या तोंडाशी येतात. दारं उघडून पॅक घ्यायचा, छातीवरच्या दोन हुकांत अडकवायचा. मग एक तर टरेट आडवा फिरवून पाठमोरं बाहेर पडायचं, किंवा फ्यूजलाजमधून झडपेपर्यंत जायचं. टरेट फिरतो हायड्रॉलिक दाबावर, आणि तो दाब इंजिनावरच्या पंपातून येतो. दाब गेला तर हाताने फिरवायचा. हे सगळं जाड हातमोज्यांत, थंडीत, विमान कललेलं असताना. उडी मारल्यावर दोरही स्वतःच ओढायचा.

या परिच्छेदाला कोणी ‘तांत्रिक आहे, लहान करा’ म्हटलं तर करायचा नाही. हेलिगोलँडचा भाग लहान करा.

टंक १८ पॉइंटच्या खाली नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं नकोत, ट्यूबलाइटच्या चकाकीत वाचता येत नाहीत.

२ नोव्हेंबर
बांधाबांध. नळकांडं ४०० × ३०० × ३०० मिमी खोक्यात, आत फोमची कडी फक्त दोन्ही टोकांच्या प्लायवर टेकलेली. मधे कामट्यांना काहीही टेकू द्यायचं नाही. सिलिका जेलच्या चार पुड्या, कारण ओल परत आली की मलमल सैल पडते आणि वाळली की एका बाजूला ओढते.

दांड्याचे अडसर मांडताना पुन्हा तपासायचे. ११ विंग नट मोजून पिशवीत, वर पाच जादा. वाढीव सहा कामट्या पीळ देऊन तयार आहेत, तीन निळ्या, तीन लाल, खोक्याच्या झाकणाला आतून बांधल्या. ओळंब्याची दोरी नायलॉनची होती, ती लोंबकळत स्वतःभोवती फिरते आणि खुणा मागे जातात. बदलून विणलेली सुती घेतली.

बाकी : सांध्याच्या मोठ्या चित्राची छपाई, एका दिशेच्या तुकड्याला स्वतःचा दांडा, आणि उंचीच्या फलकावर फूट व मीटर दोन्ही.